पिकअप उंच झाली तेव्हा

किस्से जमवायला फार काही करावं लागत नाही, गप्प बसावं लागतं. नवी सून गप्प असली की लोक तिच्यासमोर कपाटासमोर बोलावं तसं बिनधास्त बोलतात. मी तर जन्माचीच अबोल. नायगावच्या टॉवरमध्ये वाढले, लग्न होऊन आगाशीच्या वाडीत आले, आणि वर्ष व्हायच्या आत पोतंभर किस्से साठले. त्यातले निम्मे एकट्या पिकअपचे!

ही पिकअप म्हणजे आमच्या घरातलं पाचवं माणूस. माझा नवरा हर्षल ती चालवतो. सासरे, म्हणजे नाना, तिला 'टेम्पो' म्हणतात. आणि सासूबाई, म्हणजे आई, तिच्या डाव्या सीटवर बसून रोज सकाळी केळी, अळू आणि सोनचाफा विकायला आगाशीच्या बाजारात जातात. त्या सीटवर आपण बसायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नाही. कळलं!

*

आमच्या वाडीचा रस्ता पावसात रस्ता राहत नाही. मी आले त्या पावसाळ्यात पिकअप सारखी चिखलात रुतायची आणि शेजारचे बस्त्यावकाका ट्रॅक्टर घेऊन ती ओढून काढायला यायचे. एकदा गाडी बाहेर काढून झाल्यावर त्यांनी दोरी गुंडाळली आणि हर्षलच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडेच ठेव बाबा. तुझं नेहमीचंच आहे. मी उगाच कशाला ने-आण करू?"

सगळे हसले. हर्षल हसला नाही. तेव्हापासून तो फोनवर मोठ्या टायरचे व्हिडिओ बघायला लागला. वाळवंटात पिकअप, बर्फात पिकअप, नदीत पिकअप. आगाशीत वाळवंट नाही हे मी बोलले नाही.

लग्नानंतरचं आमचं लांबलेलं फिरणं गणपतीनंतर झालं. महाबळेश्वरला एका पॉइंटवर मोठ्या टायरची एक जीप उभी होती. हर्षल म्हणाला, "तू तिथे चाकाजवळ उभी राहा, तुझा फोटो काढतो."

फोटो छान आलाय. चाक पूर्ण आलंय, मी कानापर्यंत!

*

टायर घ्यायला आम्ही दोघं फुलपाड्याला बबलूभाईंच्या दुकानात गेलो. बबलूभाई विकायच्या आधी सगळं सांगून टाकणारा माणूस. हर्षलने साइज सांगितल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि मग सुरुवात केली.

"देखो भाऊ, मोठा टायर लावला की गाडी उचलायला जरा जड होणार. लोड असेल तर पहिल्या गिअरमध्ये रडणार. एव्हरेज पडणार. ब्रेक थोडा उशिरा लागणार, तर अंतर ठेवून चालवायची. फुल वळण मारलं तर टायर मडगार्डला घासणार. पासिंगला जुनेच लागणार, ते फेकू नका. आणि नवीन स्टेपनी खाली बसणार नाही, मागे हौद्यात ठेवावी लागेल, म्हणजे माल कमी."

हर्षलचा चेहरा उतरत चालला होता.

"अहो बबलूभाई, मग वाढतं तरी काय?"

बबलूभाईंनी टायरवर थाप मारली.

"इज्जत!"

हर्षलने लगेच खिशात हात घातला.

*

घरी गाडी आली तेव्हा आईंनी ओट्यावरूनच टायरवर हळद-कुंकू टाकलं. नाना मागे हात बांधून गाडीला प्रदक्षिणा घालून आले. मग दाराच्या हँडलशी उभे राहून त्यांनी मान वर केली.

"टेम्पो मोठा झाला, की आपण बुटके झालो?"

दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर घर्रर्र झालं. बबलूभाई खोटं बोलले नव्हते. आगाशीच्या बाजाराचं वळण इतकं चिंचोळं आहे, की तिथे पूर्ण स्टिअरिंग फिरवल्याशिवाय गाडी वळतच नाही. रोज सकाळी घर्रर्र. बस्त्यावकाका म्हणायचे, "चर्चची घंटा आणि हर्षलचं वळण. आता घड्याळ लावायची गरज नाही!"

शेवटी हर्षलने घासणारं प्लॅस्टिक कापायचं ठरवलं. हत्यार मिळेना म्हणून केळीचा कोयता घेतला. आवाज बंद झाला, पण मडगार्ड उंदराने कुरतडल्यासारखं दिसायला लागलं. नानांनी कोयता हातात घेऊन धार बघितली.

"आपल्या सात पिढ्या केळी कापत आल्या," ते म्हणाले. "त्याच कोयत्याने गाडी कापणारा हा पहिलाच!"

*

माझे बाबा नोकरीतून रिटायर झालेत, पण त्यांच्यातलं ऑफिस अजून रिटायर झालेलं नाही. ते आम्हाला भेटायला आले, तेव्हा हर्षल त्यांना विरार स्टेशनवर घ्यायला गेला. मीही होते, मधे बसलेली. बाबांनी गाडीत बसल्या बसल्या फोनवर मॅप लावला. रस्ता माहीत असला तरी ते लावतात.

थोड्या वेळाने म्हणाले, "जावईबापू, तुमचं मीटर चाळीस दाखवतंय आणि माझा फोन चव्वेचाळीस."

हर्षलने समजावलं. टायर मोठा झाला की एका फेरीत जास्त अंतर जातं, मीटरला ते कळत नाही, ते आपलं जुन्याच हिशोबाने दाखवत राहतं. बाबांना हे फार पटलं. इतकं पटलं, की पुढे घरापर्यंत ते दर मिनिटाला खरा स्पीड मोठ्याने वाचून दाखवत होते.

वाडीत उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता काळजीने काही बोलणार.

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "दाखवतो त्यापेक्षा जास्त आहे."

*

आता जरा वेगळा किस्सा. यात हसण्यासारखं कमी आहे.

नवे टायर आल्याच्या दुसऱ्या सकाळी माल भरून झाला. हौदा उंच झाल्यामुळे नाना खालून क्रेट द्यायचे आणि मी वर चढून ओढून घ्यायचे. ते काम मला भलतंच आवडलं होतं. मी वरच उभी होते, म्हणून मला दिसलं.

आई नेहमीसारख्या डाव्या दाराशी आल्या. हँडल धरलं. पाय उचलला. पाय पोचला नाही. त्यांनी पाय खाली घेतला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "अरे हर्षल, आज तूच जा. मला डबे घासायचेत."

त्याच्या पुढच्या दिवशी गुडघा. मग पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. मग अळूवड्या. हर्षल माल एका दुकानदाराला एकगठ्ठा देऊन यायचा आणि खुशीत म्हणायचा, "बरं झालं. आईने आयुष्यभर उन्हात बसून विकलं. आता जरा आराम करू दे."

आराम! आई दिवसभर घरात अशा फिरायच्या, जणू काहीतरी हरवलंय आणि काय ते आठवत नाहीये. दुपारी मागच्या दारी काहीतरी खणत बसायच्या. कारण गोष्ट नुसती विक्रीची नव्हती. बाजारात त्यांची एक जागा आहे, देवळाच्या भिंतीलगत. त्यांच्या सासूबाई तिथे बसायच्या, मग या बसायला लागल्या. त्या जागेला पावती नाही, नाव नाही. रोज बसायचं, म्हणजे ती आपली. चार दिवस कुणी बसलं नाही, की ती कुणाचीही.

हे मला आईंनीच सांगितलं, अळू चिरताना, कपाटाला सांगावं तसं.

*

मी हर्षलला सांगितलं. चहा पिताना, एकाच वाक्यात. "आई डब्यांमुळे थांबल्या नाहीत, त्यांना गाडीत चढता येत नाही."

तो कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. एक म्हणजे त्याला धक्का बसला होता. दुसरं म्हणजे मी आपणहून बोलले होते.

मग त्याने आधी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. आईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की ते स्टूल आपणहूनच घरात गेलं असतं. "गावासमोर मला स्टुलावरून चढवणार?"

मग तो वेल्डिंगवाल्याकडे गेला आणि गाडी सोडून आला. सांगून आला, "चढायच्या बाजूला एक मजबूत पायरी लाव." संध्याकाळी गाडी घेऊन आला. पायरी खरोखर सुरेख होती. जाळीची, काळा रंग मारलेली.

ड्रायव्हरच्या बाजूला!

हर्षल त्या गाडीत आजवर फक्त त्याच बाजूने चढला होता. नानांनी पायरी बघितली, मग आपल्या ताडमाड मुलाकडे बघितलं.

"चला," ते म्हणाले, "तुझी तरी सोय झाली."

*

वेल्डिंगवाला गावी गेला. तो परत येईपर्यंत थांबायचं ठरलं. तेवढ्यात बस्त्यावकाका सायकल हातात धरून अंगणात आले. या वेळी ते टोमणा मारायला आले नव्हते.

"जयू," ते आईंना म्हणाले, "तुझ्या जागेवर आज कुणीतरी कांदे-लसूण मांडून बसलाय. नवीन माणूस आहे."

आईंनी पदर खोचला. आत गेल्या. हर्षल माझ्याकडे बघत होता, मी नानांकडे, नाना टायरकडे.

सकाळी आई जांभळ्या काठाचं लुगडं नेसून, डोक्यात चाफा माळून ओट्यावर उभ्या. "हर्षल, गाडी ओट्याला लाव. डावी बाजू इकडे. अजून जवळ. अजून. ओटा घासला तरी चालेल."

आमचा ओटा जुना, कमरेएवढा उंच. पूर्वी त्यावरूनच बैलगाडीत माल भरायचे म्हणे. हर्षलने गाडी लावली, मी आतून दार उघडलं, आणि आई ओट्यावरून सरळ एक पाऊल टाकून सीटवर जाऊन बसल्या! पाय उचलायची गरजच पडली नाही. नाना म्हणाले, "हे आम्हाला आधी का नाही सुचलं?" आई म्हणाल्या, "तुम्ही खाली उभे होतात."

बाजारात पोचलो. मी मधे बसले होते. देवळाच्या भिंतीलगत एक पोरसवदा दिसणारा, बारीक मिशीचा माणूस कांदे मांडून बसला होता. आईंच्या जागेवर. आता प्रश्न असा, की बाजारात ओटा नव्हता. चढल्या तशा उतरणार कशा?

"इथेच लाव," आई म्हणाल्या. "अगदी समोर."

हर्षलने लावली. आईंनी काच खाली केली, कोपर खिडकीवर ठेवलं आणि विक्री सुरू केली! मी मागे हौद्यात चढून केळी, चाफा, अळूच्या जुड्या पुढे देत होते. रोजची गिऱ्हाइकं खिडकीखाली गोळा झाली. "काकी, होता कुठे इतके दिवस?" माना वर करून करून लोक घासाघीस करत होते, पण मान वर करून फार वेळ घासाघीस होत नाही असं दिसलं. कांदेवाला गाडी आणि भिंत यांच्या मधे सापडला होता. एकही गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोचेना.

शेवटी तो उठून खिडकीखाली आला. "काकी, जागा तुमची आहे का? मला कुणी सांगितलं नाही हो. मी उठतो."

"बस ना रे," आई म्हणाल्या. "मी कुठे उतरतेय?"

त्याने दारापासून जमिनीपर्यंतची उंची बघितली. मग त्याने आपला कांद्याचा रिकामा क्रेट आणला, दाराखाली पालथा घातला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाला, "उतरा काकी."

आईंनी एकदा सगळ्या बाजाराकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या. गावासमोर. तो आता त्यांच्या शेजारी, दोन हात सरकून बसतो. नाव अन्वर. त्याचा दुपारचा डबा आता आईच घरून आणतात.

*

आईंना क्रेटवरून उतरावं लागलं, हे हर्षलच्या मनाला मात्र लागलं. त्या संध्याकाळी जेवायच्या आधी तो म्हणाला, "आई, मी जुने टायर परत बसवतो. मला इज्जत नको."

"कशाला?" आई म्हणाल्या. "वरून सगळा बाजार दिसतो. कुणाची केळी किती उरलीत, बसल्या जागी कळतं."

"नाही आई. तुला त्रास होतो. उद्याच फुलपाड्याला नेतो." आणि तो बॅटरी घेऊन मागच्या दारी गेला. पासिंगसाठी जपून ठेवलेले जुने टायर तिथे होते.

बराच वेळ तो आला नाही, म्हणून मी बघायला गेले. माझ्यामागून आई.

चारही टायर विहिरीलगत ओळीने आडवे मांडलेले. काठोकाठ माती, वर शेणखत, आणि प्रत्येकात मोगऱ्याची एकेक फांदी रोवलेली. फांद्या नुकत्या लावलेल्या नव्हत्या. पानं फुटली होती.

हर्षल बॅटरी धरून नुसता उभा. आईंनी वाकून एका टायरमधलं गवत उपटलं.

"लिंबाच्या रोपाला हे लहान पडतात रे," त्या म्हणाल्या. "एखादा मोठा मिळाला तर बघ."