धुळ्याचे अकरा अर्ज

माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, त्यातली ही एक मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. आता सांगून उपयोगही नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं. जळगावला एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. संस्थेचं नर्सिंगचं कॉलेज होतं. धुळ्याच्या शाखेत आलेले प्रवेश अर्ज तिथले एक जुने कारकून कागदावर उतरवायचे आणि ती यादी एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. त्या कारकुनांना सगळे नाना म्हणत. पारोळा, एरंडोल करत यादी दुपारपर्यंत पोचायची. मला त्याची भयंकर लाज वाटायची. अरे, कॉम्प्युटर काय पूजेला मांडलेत? मीच साहेबांच्या मागे लागून दोन्हीकडे मोडेम बसवले आणि एसटीची यादी बंद पाडली.

जोडणी म्हणजे धुळ्याच्या स्क्रीनवरचे पाच रकाने. फोन नंबर, वेग, नाव, पासवर्ड, आणि अर्ज जळगावच्या मशीनवर कुठल्या फोल्डरमध्ये उतरायचे ते. धुळ्याच्या उद्घाटनाला अध्यक्ष स्वतः बटण दाबणार होते. खऱ्या नोंदीत घोळ नको म्हणून पाचव्या रकान्यात मी तात्पुरतं ‘टेस्ट’ घातलं. नारळ फुटला, मॉनिटरला हार घातला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी जळगावला निघाली. उन्हात एसटीचे धक्के कोण खाणार? मी पटकन गाडीत चढलो. रकाना तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. अर्जांची ती शेवटची तारीख होती.

“भाऊ, आठे ‘टेस्ट’ लिखेल शे. बराबर शे ना?”

इथे ‘टेस्ट’ लिहिलंय, ते बरोबर आहे ना, असं ते अहिराणीत विचारत होते. मी नेमका दुसऱ्या कामात गुंतलो होतो. डोकंच फिरलं. म्हटलं, “नाना, तुम्हाला त्यातलं काय कळतं? नुसतं बटण दाबा ना! आणि बाकी कशाला हात लावू नका, बिघडवून ठेवाल.”

“बरं भाऊ,” म्हणाले आणि फोन ठेवला.

निवड यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी नाना जळगावला आले. धोतर धुळीनं माखलेलं, हातात पिशवी. माझ्या टेबलासमोर उभेच राहिले. त्यांच्या मुलीनंही अर्ज केला होता म्हणे. वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. लोकांचे अर्ज आधी, आपला नंतर, असा त्यांचा स्वभाव. त्यामुळे तिचा अर्ज त्यांनी सगळ्यात शेवटी पाठवला होता. तिच्याहून कमी मार्कांच्या मुली यादीत होत्या. ती नव्हती.

मी फोल्डर उघडला. ‘टेस्ट’मध्ये धुळ्याचे त्या शेवटच्या तीन दिवसांतले अकरा अर्ज होते, एक अक्षर इकडचं तिकडे न झालेले. अकरावा नानांच्या मुलीचा.

साहेबांकडे धावलो. ते म्हणाले, “जागा भरल्यात. आता काय कुणाला काढायचं? तांत्रिक बिघाड म्हणून लिहून टाक.” मी लिहून टाकलं. एवढा नालायकपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

बाहेर नाना वाट बघत होते. मी म्हटलं, लाइन खराब होती, अर्ज पोचलेच नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “मन्हं काही चुकनं का, भाऊ? बटन ते मी बराबर दाबेल व्हतं.”

तेव्हाच सांगायचं होतं. माझी मान खाली गेली, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. पिशवी उचलून ते स्टँडकडे निघाले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

दोनेक वर्षांनी नाना गेल्याचं कळलं. धुळ्याला भेटायला गेलो. मुलगी घरीच होती, शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवत होती. मला पाणी दिलं आणि म्हणाली, “तुम्ही जळगावचे भाऊ ना? बाबा नेहमी सांगायचे, तुम्ही फोनवर नीट समजावलं होतं, त्यांच्याच हातून चुकलं. मी रागानं वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही हो.”

मी पाणी प्यायलो आणि भांडं खाली ठेवलं.