मधली भिंत

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं, तेव्हा मला सातवा महिना लागला होता. तपासायला निघाले तर गल्लीतल्या बायकांचं एकच, "पोरगा का पोरगी ते इचार की!" माझं डोकं फिरलं. बाळ धडधाकट आहे ना, हे कुणालाच विचारावंसं वाटत नव्हतं.

पडद्यावर मला टीव्हीवरच्या मुंग्यांपलीकडं काही दिसेना. डॉक्टरबाई मात्र बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बाहेर बसलेल्या आई-अण्णांना आत बोलावलं.

"हृदयात चार खोल्या असतात. या बाळाच्या खोल्यांमधली भिंत अर्धवट दिसतेय. बाळंतपण मुंबईला करा. तिथं हृदयाचे डॉक्टर आहेत."

अण्णा गवंडी. मलकापुरातली निम्मी घरं त्यांच्या हातची.

"भिंत न्हाय व्हय?" ते म्हणाले. "मग बांधायची की!"

बाई हसल्या. "बांधता येते. म्हणून तर आधी कळलं ते बरं झालं."

गाडं अडलं ते घरी. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आमच्याकडची रीत. मलकापुरात मागची खोली सारवून, बाज टाकून तयार होती. आत्या कडाडली, "त्या मशिनीचं ऐकून लेकीला परमुलखात टाकताय व्हय?" खरं सांगते, मलाही तीच खोली हवी होती. मुंबईच्या नावानंच मला धडकी भरायची.

आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा बांधला, धुरीची शेगडीही घेतली.

"मी असंन तितं तुजं म्हायार. ऊठ."

शेगडी नर्सनं वॉर्डच्या दारातच अडवली. आई तिच्याशी कडकडून भांडली, हरली, आणि शेवटी तिच्याच हातावर लाडू ठेवला.

मुलगी झाली. ओठ निळे, धाप लागलेली. पण डॉक्टर तयारीत उभेच होते. मलकापूरहून गाडी करून कोल्हापूर गाठेपर्यंत काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करत नाही. काही महिन्यांनी तिचं ऑपरेशन झालं.

तिला पहिल्यांदा मलकापूरला नेलं, तेव्हा ती चांगली गुटगुटीत झाली होती. अण्णांनी तिचं झबलं वर केलं. छातीवरची टाक्यांची उभी रेघ त्यांनी एक डोळा मिटून, भिंतीला ओळंबा लावल्यासारखी निरखली.

"सरळ आलीया," म्हणाले, आणि झबलं हलकेच खाली ओढलं.