सात दिवसांचं पाणी

तेवाकान गावात माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. कोण घर कसं बांधतोय ते पाद्रीबाबांच्या आधी मला कळतं. कोण वाळू न चाळता वापरतो, कोण जाड सळईच्या जागी बारीक घालतो, सगळं माझ्या काउंटरवर समजतं. त्यामुळे गवंड्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. क्रिसोफोरो मिस्त्रीबद्दल तेवढं चांगलं होतं, म्हणून त्याच्यावर राग जास्त आहे. त्यातला थोडा स्वतःवरचाही आहे, तो पुढे येईलच.

क्रिसोफोरो डोंगरातल्या खेड्यातून आला. वीस वर्षं लोकांच्या हाताखाली घमेली उचलली, मग स्वतःची कामं घ्यायला लागला. एका वेळी एकच घर. त्याची एक सवय गावभर माहीत होती. स्लॅब टाकला की सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाणी तो स्वतः मारायचा. मालकावर सोडायचा नाही, मजुरावर तर नाहीच. मे महिन्यात आमच्याकडे धुणं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं, आणि नवा स्लॅब असा भराभर वाळला की तडकतो. तेव्हा तो स्लॅबवर वाळूचे वाफे करून पाणी साठवायचा आणि भर दुपारी पुन्हा चक्कर मारून जायचा. त्याची बायको ऑर्तेन्सिया दुकानात येऊन कुरकुरायची, "ताई, घरातली कुंडी जळून गेली, पण लोकांच्या छपराला ह्यांचं पाणी वेळेवर. देवाने मला बायको करण्यापेक्षा स्लॅब केलं असतं तर बरं झालं असतं!"

दुसरा एक नियमही तो पाळायचा. तीन मे हा आमच्या गवंड्यांचा क्रुसाचा दिवस. चालू असलेल्या प्रत्येक बांधकामावर, सगळ्यात उंच जागी, कागदी फुलांनी सजवलेला लाकडी क्रूस उभा करायचा, पाद्रीबाबांनी त्याला आशीर्वाद द्यायचा आणि मालकाने कामगारांना जेवू घालायचं. त्या दिवशी थापीला कोणी हात लावत नाही. म्हणून क्रिसोफोरो त्याआधीच्या आठवड्यात कधीच स्लॅब टाकत नसे.

मग त्याची भरभराट झाली. डॉक्टर उर्कीसांनी बाळंतपणाच्या दवाखान्याचं दुमजली काम त्याला दिलं. त्याच सुमारास एक दुकानांची रांग आणि ओतिलियाबाईंचं घर. त्याने जुना ट्रक घेतला आणि दारावर रंगवून घेतलं, 'क्रिसोफोरो तापिया आणि मंडळी'. मंडळी म्हणजे त्याचा मेव्हणा बाउदेलिओ. पण पाहता पाहता हाताखाली सोळा माणसं झाली. मी त्याला चिडवायची, "मिस्त्री, आता तुमची भेट घ्यायला चिठ्ठी पाठवावी लागेल!" तो लाजायचा. मला त्याचं कौतुकच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

ओतिलियाबाई निवृत्त शिक्षिका. सगळं आयुष्य डोंगरातल्या शाळांमधून, दुसऱ्यांच्या खोल्यांमध्ये काढलेलं. गुडघे गेलेले. त्यांचा एकच हट्ट होता. "मिस्त्री, माझा क्रूस अर्ध्या भिंतीवर नको. छतावर उभा करा, माझ्या छतावर."

पूर्वीचा क्रिसोफोरो नाही म्हणाला असता. पण सेंटरिंगच्या फळ्या नव्या स्लॅबखालून तीन आठवडे तरी काढता येत नाहीत, आणि त्याच फळ्या त्याला मेअखेर दवाखान्यावर हव्या होत्या. तो हो म्हणाला आणि दोन मेला स्लॅब टाकला.

दुसऱ्या दिवशी तीन बांधकामं, तीन क्रूस, तीन पंगती. एका ठिकाणी नीट जेवला नाही तर मालक रुसणार. क्रिसोफोरो डॉक्टरांकडे अडकला आणि पाणी मारायचं काम बाउदेलिओवर सोपवलं. बाउदेलिओ नळी घेऊन वर चढलासुद्धा. पण क्रूस नुकताच उभा केलेला, लाल-जांभळ्या पातळ कागदाच्या फुलांनी गच्च भरलेला. थेंब पडला तरी रंग ओघळणार. खालून बायका ओरडल्या, "अरे मेल्या, क्रुसावर पाणी उडवतोस? आत्ताच आशीर्वाद देऊन गेलेत पाद्रीबाबा!" बाउदेलिओच्या पोटात दोन बिअर होत्या. त्याने नळी ठेवली आणि खाली येऊन टर्कीच्या रश्श्याच्या पंगतीला बसला. चार तारखेला गावातले निम्मे गवंडी डोकं धरून पडलेले असतात. त्या वर्षी क्रिसोफोरोही त्यांतच होता; स्लॅबवर चढला तो पाच तारखेला.

त्याच दुपारी तो माझ्याकडे आला. "ताई, चार पोती सिमेंट. आणि भेगा बुजवायचं ते द्या, डब्यातलं."

"कुठल्या जुन्या घराला?"

"ओतिलियाबाईंच्या."

"अहो, तीन दिवसांचा स्लॅब तो!"

तो काउंटरकडे बघत म्हणाला, "वरून पाणी ओतून पाहिलं. खाली फळ्यांमधून ठिबकलं. तीन भेगा आरपार गेल्यात."

"मग फोडा आणि नवा टाका."

"डॉक्टरांच्या कानावर गेलं तर दवाखाना गेला. सोळा घरांच्या चुली आहेत ताई माझ्यावर."

"आणि जमीन हलली म्हणजे? त्या बाईच्या डोक्यावर आहे ते."

आमच्याकडे जमीन हलते. हे त्याला मी शिकवायला नको होतं. तो म्हणाला, "लेप बसला की धरेल." मग हळूच पुढे जोडलं, "बहुतेक."

ते 'बहुतेक' मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी डबा काढून दिला. तो माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता, आणि तोंड बंद ठेवायला मला तेवढं कारण पुरलं.

वरून लेप बसला, खालून गिलावा झाला, बाई राहायला गेल्या. पलंग नेमका मधल्या भेगेखाली लावला. क्रिसोफोरोचा जीव त्या पलंगापाशी अडकला. दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून तो तिथे जायचा. दाराची कडी घट्ट करायला, नळ बघायला. खरं म्हणजे मान वर करून छत बघायला. पावसाळ्यात छताला ओल दिसली तेव्हा स्वतःच्या हाताने, फुकट, रंग मारून दिला. बाईंना ते सगळं प्रेम वाटलं. त्यांच्या हाताखालून निम्मं गाव शिकून गेलेलं. भेटेल त्याला त्या सांगायच्या, "काम झाल्यावर वर्षभर चौकशी करणारा मिस्त्री पाहिलाय का कधी? असा प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही!"

आणि लोक त्या शब्दावर त्याच्याकडे जायचे. त्या एका वर्षात त्याला पाच नवी कामं मिळाली, ती पाचही कामं ओतिलियाबाईंच्या तोंडच्या कौतुकाने. प्रत्येक काम घेताना तो वाळत गेला. ऑर्तेन्सिया म्हणाली, "ताई, हे जेवता जेवता वर बघतात. आमच्या छताला काय झालंय?"

पुढचा तीन मे आला. घरावरचा क्रूस दरवर्षी नव्या फुलांनी सजवतात, आणि ओतिलियाबाईंनी त्या क्रुसाचा धर्मपिता म्हणून, म्हणजे त्याला फुलं चढवायला, क्रिसोफोरोला बोलावलं. त्याच्यासाठी हा मोठा मान होता. अंगण भरलं होतं. डॉक्टर उर्कीसाही आले होते, सहकुटुंब. बाईंना शिडी चढवत नसे, म्हणून फुलांची टोपली घेऊन क्रिसोफोरोबरोबर मी वर गेले.

वर गेल्यावर आम्ही दोघंही थबकलो. गेल्या वर्षीची फुलं पावसात भिजून विरघळली होती. त्यांचा लाल-जांभळा रंग क्रुसाच्या पायथ्यापासून वाहत गेला होता आणि लेप फोडून पुन्हा उघडलेल्या भेगांमध्ये मुरला होता. तीनही भेगा वहीत शाईने रेघा ओढाव्यात तशा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होत्या.

खालून बाईंनी विचारलं, "मिस्त्री, माझं छत कसं आहे? मी तर कधी पाहिलंच नाही हो!"

मी काय केलं ते सांगते, कारण ते न सांगता त्याच्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. मी खालच्या आवाजात म्हणाले, "फुलं पसरा त्यावर. लवकर."

क्रिसोफोरोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली टोपली घेतली आणि खाली ठेवली. मग कठड्याशी जाऊन डोक्यावरची हॅट काढली.

"बाई, पलंग बाहेर काढा. आजच्या आज."

"काय म्हणालात?"

"छत फुटकं आहे. मला वर्षभर माहीत आहे. मी लेप लावून झाकलं होतं."

बाईंच्या हातात वाढायचा डाव होता. त्यांनी तो भांड्यात ठेवला आणि घरात गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर न जेवता उठले.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. दवाखाना दुसऱ्याकडे गेला. डॉक्टरांनी इंजिनिअर आणून त्याचे खांब तपासून घेतले. खांब चोख निघाले, तरी क्रिसोफोरोला परत बोलावलं नाही. नवी कामं मोडली, सोळा माणसं पांगली, बाउदेलिओ राजधानीला निघून गेला. बाई माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आल्या. मीच गळ घातली होती. डबा कुठून आला हेही त्यांना सांगितलं. त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

क्रिसोफोरोने तो स्लॅब स्वतः फोडला, एकट्याने, घणाचे घाव घालून. गावाला रोज ऐकू येत होतं. नव्या स्लॅबसाठी सिमेंट न्यायला आला तेव्हा ओतिलियाबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या, एक पोतं उसवायला लावलं आणि चिमूटभर सिमेंट बोटांत चोळून पाहिलं. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे होतो.

नवा स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझा हात धरून तिथपर्यंत चालत गेल्या आणि त्या गुडघ्यांनी शिडी चढल्या. एकेक पायरीला थांबत, ओठ दाबून. मी मागून आधार देत होते. वर क्रिसोफोरो नळी घेऊन उभा होता.

"पाणी मारलंय बाई," तो म्हणाला. "आत्ताच. सगळीकडे."

बाई कष्टाने खाली वाकल्या, तळवा स्लॅबवर टेकवला आणि उचलून पाहिला. ओला होता. मग त्या उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या आणि तिथेही टेकवला.

चारही कोपरे होईपर्यंत तो नळी हातात धरून उभा होता. रोज सकाळी असंच, सातही दिवस.