तिसऱ्या बाजूचे मिस्त्री

बाई पहिल्यांदा वखारीच्या दारात आल्या तेव्हा करवत लाकडात अर्ध्यावर थांबली, उडालेला भुसा हवेतच तरंगत राहिला आणि लोखंडाच्या डब्यातल्या खिळ्यांनी आपापली टोकं दाराकडे वळवली. हे सगळं मिस्त्री सांगतात. करवत थांबली कारण वीज गेली होती. पण बावीस वर्षांच्या संसारानंतर नवरा अशी खोटी साक्ष देत असेल तर त्याची उलटतपासणी कोण घेणार?

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. वर्गात दाखवायला त्यांना लाकडी पट्ट्यांचे त्रिकोण हवे होते. त्यांनी मापांचा कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो वाचला, कानावरची पेन्सिल काढली आणि एका ओळीखाली रेघ ओढली.

"आठ, दहा आणि वीस इंच. हा होत नाही."

"होत नाही म्हणजे? लाकूड नाही का?"

"लाकूड आहे, त्रिकोण नाही. विसाच्या पट्टीच्या एका टोकाला आठाची ठोकली, दुसऱ्या टोकाला दहाची. दोघी अगदी आडव्या झोपल्या तरी मध्ये दोन इंचांची फट राहते. भेट होत नाही हो त्यांची."

बाईंचे कान लाल झाले. सोळा लिहायचे ते वीस लिहिले गेले होते. पण ते कबूल करण्याऐवजी त्या म्हणाल्या, "मला गणितात सुवर्णपदक आहे!"

"असेल की. पदक गोल असतं," मिस्त्री म्हणाले.

यावर खरं तर भांडण व्हायचं. झालं लग्न. मिस्त्री तेव्हापासून त्यांना 'बाई'च म्हणतात, आणि त्या यांना 'अहो मिस्त्री'. घरी येणाऱ्या पाहुण्यांना पहिला अर्धा तास वाटतं, दुरुस्तीचं काहीतरी काम चाललंय.

मिस्त्रींचे वडील छपरांचे कारागीर होते. दोन तिरके वासे आणि त्यांची खालची टोकं बांधून ठेवणारं आडवं लाकूड, या तिघांची मिळून एक कैची. अशा कैच्या ओळीनं भिंतींवर बसवायच्या आणि वर कौलं. मिस्त्री हे सगळं पोरवयातच शिकले आणि शिकून होईस्तोवर लोकांनी छपरं करणं सोडून दिलं. सगळे स्लॅब टाकू लागले. मग मिस्त्रींनी पलंग केले, खिडक्या केल्या, एकदा एका दंतवैद्याला जबड्याच्या आकाराचं टेबलही करून दिलं. पण रिकाम्या वेळी कागदावर ते कैच्याच काढत. एक छप्पर करायचं राहिलंय, असं ते जेवताना मध्येच म्हणत, आणि बाई त्यांच्या ताटात आणखी भात वाढत.

म्हणून शाळेनं नवा हॉल बांधायचं ठरवलं, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, "उतरतं लाकडी छप्पर हवं" असं म्हटलं, तेव्हा मिस्त्रींनी तीन दिवस दाढी केली नाही आणि चौथ्या दिवशी दोनदा केली. नकाशा घेऊन ते शाळेत गेले.

मोठ्या बाईंनी नकाशा लांब धरून पाहिला. "छान आहे. फक्त ही खालची आडवी लाकडं काढून टाका."

"ती का?"

"मुली लोंबकळतील."

"पंधरा फुटांवर आहेत ती."

"तुम्ही आमच्या मुली पाहिल्या नाहीत. शिवाय वर कसं मोकळं मोकळं दिसायला हवं."

"खालचं लाकूड काढलं तर वरचा कोन फाकेल. कोन किती उघडायचा ते समोरची बाजू ठरवते. तीच नसली तर वासे भिंती ढकलत सुटतील."

"ते बघा तुम्ही. आडवी लाकडं नसतील तर काम तुमचं."

घरी येऊन मिस्त्रींनी चप्पलही काढली नाही. बाई वह्या तपासत होत्या.

"हो म्हणून मोकळा झालो असतो तर आयुष्यातलं एक छप्पर झालं असतं."

"आणि पडलं असतं. खाली माझाच वर्ग बसलेला असता."

"म्हणजे मी नाही म्हणू?"

"नाही म्हणू नका, पटवून द्या. पण अहो मिस्त्री, तोंडानं. करून दाखवायला जाऊ नका. तुमचं करून दाखवणं मला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शाळेत गेले ते घडीची शिडी खांद्यावर टाकूनच. मोठ्या बाईंच्या खोलीतली फरशी अशी गुळगुळीत, की शिपाईसुद्धा तिथून चहाचा कप दोन्ही हातांनी नेई. मिस्त्रींनी शिडी उभी केली. "हे दोन पाय म्हणजे वासे. मध्ये ही दोरी, ती तिसरी बाजू. आहे तोवर शिडी ढिम्म हलत नाही. आता दोरी सोडतो."

"मग काय होईल?"

"मी चढलो तर फाकेल."

"इतकी भक्कम शिडी? काहीतरीच!"

त्या 'काहीतरीच'नं घात केला. मिस्त्री चढले. पहिल्या पायरीवर काही झालं नाही. दुसऱ्या पायरीवर मोठ्या बाई हसल्या. तिसऱ्या पायरीवर शिडीनं सावकाश, अगदी सभ्यपणे, पाय पसरायला सुरुवात केली. मिस्त्री चेहरा गंभीर ठेवून खाली येत राहिले आणि येता येता समजावत राहिले, "पाहा, पायांची लांबी तीच, पण खालचं अंतर वाढतंय तसा वरचा कोन..." एवढ्यात ते फरशीवर बसते झाले. शिडी दोन्ही बाजूंना सपाट पडली.

आवाज ऐकून बाई वर्गातून धावत आल्या. "लागलं का?"

"लागलं. पण पटलं त्यांना," मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा फुलला होता. बाईंनी त्यांना हात देऊन उठवलं, आणि ओरडायचं ते हसू आल्यानं राहून गेलं.

मोठ्या बाईंना खरंच पटलं होतं. रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणे. उतरत्या छपराला असा काही स्वभाव असतो हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

त्यांनी हॉलवर सपाट स्लॅबच टाकून घेतला. मिस्त्रींनी हॉलसाठी दोन नोटीस बोर्ड करून दिले.