मायचा चक्काजाम

माझी माय ट्रकचे पंक्चर काढते. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक 'वडील काय करतात' एवढंच विचारून थांबतात. घुग्घुसच्या रस्त्यावर, कोळशाच्या गाड्या वळतात तिथे, आमचं टिनाचं दुकान आहे. दुकान मुळात बाबांचं. त्यांची कंबर गेली तेव्हा मायनं पदर खोचला आणि चाक खोलायची टॉमी हातात घेतली. बाबा आता दुकानातल्या खाटेवरून सूचना करतात आणि माय त्या ऐकत नाही. ट्यूबमधली हवा कुठून जाते ते ती पाण्याच्या टबात बुडवण्याआधीच सांगते, ट्यूब गालाजवळ फिरवून. नवे ड्रायव्हर आधी हसतात. मग गप बसतात.

या रस्त्याची धूळ मी लहानपणापासून खाल्ली आहे. सकाळी वाळत घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी करडी होऊन घरात यायची. आमच्या शेजारी चहाचं दुकान आहे. तिथला चहावाला भाऊ पातेल्यावर झाकण ठेवूनच चहा उकळायचा, तरी पहिला घोट दाताखाली करकरायचाच. अर्ज करून झाले, निवेदनं देऊन झाली. शेवटी त्या वर्षी दिवाळीनंतर वस्तीनं चक्काजाम ठरवला. मागण्या दोनच होत्या. गाड्यांवर ताडपत्री बांधा, आणि रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारा.

आमची पंचाईत अशी की धूळही गाड्यांची आणि पोटही गाड्यांवरच. 

आदल्या दिवशी दुपारी चहावाला भाऊ दुकानात आला. "वहिनी, मांगं टायरचा ढीग पडला हाये तुमच्या. दहा-बारा द्या. सकाळी जाळू. टायर पेटल्याबिगर साहेब लोक येत नाई."

"नाई देत," माय म्हणाली.

"काऊन?"

"धुळीसाठी बसून राह्यले ना तुमी? मंग धूर काऊन करता?"

भाऊ दाराकडे वळला. "बरोबर हाये तुमचं. गाडीवाले तुमचे गिऱ्हाईक. त्यायले नाराज कसं करान?" असं म्हणून तो निघून गेला. त्याच्या बोलण्यानं मायला काय वाटलं कोण जाणे, मला मात्र झोंबलं. मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते आणि खास चक्काजामसाठी घरी आले होते. कॉलेजात मी भाषणं ठोकायचे. तोंडाला लगाम तेव्हाही नव्हता आणि आताही फारसा नाही.

"तू भितेस," मी मायला म्हणाले. "गिऱ्हाईक जाईल म्हणून भितेस. धूर-बीर सगळे बहाणे."

ती ठिगळासाठी कानसीनं ट्यूब घासत होती. तिनं मान वर केली नाही. "भाकरी टाकल्या का तू?" एवढंच विचारलं. त्या रागात मी सगळ्या भाकरी करपवल्या. बाबांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

सकाळी धडधड आवाजानं जाग आली. बाहेर येऊन बघते तर माय टायर ढकलत होती. ट्रकचा टायर तिच्या छातीपर्यंत येतो, पण ती त्याला एका हाताने थापटत नेते. एकेक करून तिनं अकरा टायर रस्त्यावर आडवे टाकले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चहावाला भाऊ तोंडात दातून धरून बघत राहिला.

"जाळाले नाई," माय त्याला म्हणाली. "बसाले."

मग ती दुकानात गेली आणि हवेच्या मशीनचा खटका खाली ओढून मशीन बंद केली. आमच्या दुकानाचं गणित उलटं आहे. लोकांचं चाक अडलं की आमचं पोट चालतं. त्या दिवशी आम्ही चाकासोबत पोटही अडवलं. माय रस्त्याच्या मधोमध एका टायरवर जाऊन बसली आणि तिच्या मागोमाग वस्तीतल्या सगळ्या बाया.

दहा वाजेपर्यंत दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. रांगेतला एक ड्रायव्हर येऊन म्हणाला, "बाई, उभ्या उभ्या पंक्चर तरी काढून द्या." माय म्हणाली, "आज नाई, भाऊ. आज माह्यं पण बंद हाये." चहावाल्या भाऊचं दुकानही बंद होतं, म्हणजे शटर अर्ध्यावर होतं. अडकलेल्या ड्रायव्हरांमुळे त्याचा चहा त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त खपला, हे तो अजून कबूल करत नाही.

अकराच्या सुमारास गाड्यांचा सुपरवायझर मोटारसायकलवर आला. आमच्याकडे कोणत्या गाड्या थांबायच्या हे त्याच्याच हातात होतं. "कोणाचे टायर हाये हे?" त्यानं विचारलं. कॉलेजात भाषणं ठोकणारी मी जमिनीकडे बघत होते.

माय उठून उभी राहिली. "माहे हाये."

"बाई, उद्यापासून आमची एक गाडी तुमच्या दुकानावर थांबणार नाई. समजून घ्या."

"समजलं," माय म्हणाली आणि परत बसली.

मला मायचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. बाजूच्या बाईला मी सांगितलं, धूळ गेली डोळ्यात.

दुपारी कोळसा खाणीचे साहेब आले. धूर नव्हता तरी आले. ताडपत्री बांधू, सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता टँकरनं पाणी मारू, असं त्यांनी लिहून दिलं. मायनं तो कागद मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. मग टायर परत ढकलत आणले. या वेळी चहावाला भाऊही ढकलत होता. त्याचा टायर दोनदा नालीत गेला.

साहेबांनी शब्द पाळला त्यापेक्षा सुपरवायझरनं जास्त पाळला. दुसऱ्या दिवसापासून गाड्या ताडपत्री बांधून आमच्या दुकानासमोरून जात होत्या आणि थांबत नव्हत्या. माय शिफ्टवाल्यांच्या मोटारसायकली आणि पोरांच्या सायकली दुरुस्त करू लागली. त्यांना हवा भरायला हातपंप पुरतो. मी चंद्रपूरहून दर रविवारी यायचे आणि आधी हवेच्या मशीनकडे बघायचे. खटका खालीच असायचा. घरात भाजी पातळ होत चालली होती. चार वाजले की माय मात्र दारात येऊन टँकरची वाट बघायची. कधी तो यायचा, कधी नाही.

दीडएक महिना असा गेला. मग एका रविवारी सकाळी पाण्याचा टँकरच आमच्या दारात येऊन उभा राहिला, एका बाजूला कललेला. ड्रायव्हर खाली उतरला.

"बाई, मागचं चाक बसलं."

माय म्हणाली, "इथी थांबू नको म्हणून सांगितलं नाई तुले?"

"सांगितलं ना. पण पंक्चर का साहेबाले इचारून होते?"

मायनं जॅक लावून चाक उतरवलं, ट्यूब बाहेर काढली. खटका वर केला आणि हवेची मशीन पुन्हा धडधडू लागली. बाबा खाटेवर उठून बसले. चहावाला भाऊ रिकामी किटली हातात घेऊन बघायला आला. मी मनातल्या मनात मायला विनवत होते, गोड बोल गं, दीड महिन्यातलं पहिलं मोठं चाक आहे.

तिनं ट्यूब गालाजवळ धरली आणि डोळे मिटले. हळूहळू ट्यूब फिरवत राहिली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "काल चार वाजता काऊन नाई आला तू?"

ड्रायव्हर चाचरला. "ते... काल जरा..."

"लिहून दिलं हाये. दोनदा म्हणजे दोनदा." मग तिनं ट्यूबवर एका जागी बोट टेकवलं. "हं. इथी हाये." आणि माझ्याकडे हात पुढे केला. "कानस दे."

ह्या बाईला मी 'भितेस' म्हणाले होते. मी कानस तिच्या हातात दिली.