माळढोकावरचा शिक्का

कानिफनाथ हा कर्जतकडच्या माळावरच्या एका छोट्या गावचा पोस्टमास्तर, माझ्याच वयाचा. रोज त्याची थैली तालुक्याच्या पोस्टात माझ्या टेबलावर उघडायची. आजकाल पत्रं असून असून किती, चार-पाच. तिकिटांवरच्या वाघावर, हत्तीवर याचा शिक्का ठणठणीत बसलेला. माळढोकाचं तिकीट मात्र कोरं.

कोरं तिकीट म्हणजे कुणीही सोडवून पुन्हा चिकटवावं. तपासणीत सापडलं असतं तर त्याची नोकरी गेली असती आणि माझ्याही डोक्याला ताप. मी त्याला बोलावून चांगलंच झाडलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "सायेब, त्या पाखरावर हात उठत न्हाई माजा."

"का? तुझा पाहुणा लागतो का तो?"

मग त्यानं सांगितलं. आठ वर्षांचा असताना शेरडं राखायला गेला, तेव्हा माळावर उघड्यावरच एक अंडं सापडलं. घरी नेलं. आईनं त्याची पोळी करून वाढली. "लई ग्वाड लागली हुती. माळढोक येका टायमाला येकच अंडं घालतो, ह्ये मला मागनं कळलं."

मला आलेलं हसू घशातच राहिलं. "तू कोरीच पाठव, मी मारीन," म्हणालो. दोन वर्षं मी त्याच्या वाटचे शिक्के मारले. खरं सांगतो, मला त्यात काही वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी वनखात्याची माळढोकांची मोजणी होती. कानिफनाथ रजा टाकून त्यांच्याबरोबर पाणवठ्याजवळ लपून बसला. तीन दिवस. काळवीट दिसले, एक कोल्हा दिसला. माळढोक एकही नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर शेवटचा कधी पाहिला हेही कुणाला सांगता येईना.

चौथ्या दिवशी थैली घेऊन तो स्वतःच आला. डोळे सुजलेले. थैलीत एकच पाकीट, त्यावर माळढोक, कोरा. मी सवयीनं शिक्का उचलला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"तुमी नका मारू, सायेब. अंडं मी खाल्लं. ह्यो बी मलाच मारू द्या."

त्यानं शिक्का शाईत बुडवला, बरोबर पाखराच्या छातीवर ठेवला आणि इतका वेळ दाबून धरला, की शेवटी मलाच "सोड आता" म्हणावं लागलं.