बाटलीखालचं वर्तुळ

शिवाजी पेठेत वर्षाराणी सुतारचं घर विचारलं तर कुणी नंबर सांगत नाही. "ती पॉलिशवाली व्हय? जावा सरळ, स्पिरिटचा वास आला की थांबा," असं सांगतात. सत्तेचाळीस वर्षांची बाई, अंगानं किरकोळ, आणि दोन्ही हातांची बोटं लाखेनं अशी तपकिरी झालेली की लग्नाकार्यात मेंदी काढणाऱ्या पोरीसुद्धा म्हणतात, मावशी, तुम्हाला रंग चढायचा नाही.

काम तिच्या वडिलांचं. आकाराम सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत कापसाचा बोळा बांधून हातानं पॉलिश करायचे. तीस-तीस हात मारायचे एका कपाटाला. गावात मशीननं फवारायचं पॉलिश आलं तेव्हा बाकीच्यांनी बोळे टाकून दिले. आकारामांनी टाकला नाही, आणि त्यांच्यामागं लेकीनंही नाही. तिचा नवरा ज्ञानू लाकडाच्या वखारीत कामाला. स्वभावानं इतका गरीब की दोघांच्या वाट्याचा राग बायकोलाच करावा लागायचा, आणि तो ती मन लावून करायची. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं तिच्या वडिलांना एकदा चारचौघांत लाखेच्या हातांवरून 'लाखाडी' म्हणून हिणवलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून साखरेची चिमूटसुद्धा तिनं त्या दुकानातून आणलेली नाही. पाऊस असला तरी दोन गल्ल्या वळसा घालून जाते.

ऐश्वर्या चौगुले तिला भेटली ती एका बंगल्याच्या कामावर. ऐश्वर्या घरं सजवून द्यायची. बत्तीस वर्षांची, चुणचुणीत, बोलायला गोड. जुनं लाकूड सापडलं की वर्षाराणीला बोलवायची, आणि काम संपलं की आपली खूण म्हणून त्या घरात सुगंधाची एक बाटली ठेवायची. काचेची बाटली, आत तेल, तेलात बुडवलेल्या पाच-सहा काड्या. काड्या तेल ओढून घेतात आणि घरभर मोगरा नाहीतर चंदन दरवळत राहतं. बाटल्या ती स्वतःच्या नावानं विकायचीही.

फेब्रुवारीत स्वप्नाली डॉक्टरीणबाईंच्या घरचं सागवानी साइडबोर्ड वर्षाराणीनं पॉलिश केलं. एप्रिलमध्ये त्याच्यावर पांढरट वर्तुळ उमटलं आणि हात लावला तर चिकट लागायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी ऐश्वर्याला फोन केला. ऐश्वर्यानं वर्षाराणीला काही विचारलं नाही. ताराबाई पार्कातल्या बायकांच्या ग्रुपवर तिनं आवाज रेकॉर्ड करून टाकला, की पेठेतली ती पॉलिशवाली स्पिरिटात पाणी मारते, तिला कुणी काम देऊ नका. त्या आठवड्यात ठरलेली तीन कामं गेली. तिसऱ्या बाईनं खरं कारण सांगितलं आणि तो आवाजही ऐकवला.

वर्षाराणी तशीच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेली. ऐश्वर्या तिथंच होती. वर्षाराणीनं वर्तुळावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मोगरा. तिनं शेजारची बाटली उचलून वर्तुळावर ठेवली, ती काठोकाठ बसली. काचेवरून तेलाचा ओघळ उतरलेला स्पष्ट दिसत होता. लाख स्पिरिटात विरघळते तशी ह्या तेलातही विरघळते, एवढंच तिनं शांतपणे सांगितलं.

ऐश्वर्या हसली. सुवासानं कुठं लाकूड बिघडतं का, असं डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाली. मग तिच्याकडे वळली.

"मावशी, काम कच्चं झालं म्हणा आणि विषय संपवा. वडिलांनी हेच शिकवलं का, आपली चूक दुसऱ्याच्या बाटलीखाली झाकायची?"

घरातली मोलकरीणसुद्धा मान खाली घालून हसली. वर्षाराणीनं पायात चपला घातल्या त्या उलट्या, आणि फाटकाबाहेर आल्यावर तिला ते कळलं.

त्याच दिवशी तिनं महाद्वार रोडवरून ऐश्वर्याच्या नावाची तसलीच एक बाटली विकत आणली. सागाची हातभर फळी घेतली, तिच्यावर पंचवीस हात मारले, आठ दिवस वाळवली आणि बाटली वर ठेवली. वडिलांची सवय तिला होती. ते नमुन्याच्या प्रत्येक फळीमागं पेन्सिलीनं तारीख घालायचे. तिनंही घातली. पाचव्या दिवशी पांढरं वर्तुळ आलं, बाराव्या दिवशी पॉलिश बोटाला लागून निघालं.

ज्ञानू म्हणाला, "आता ही फळी घिऊन जा आणि दाव की सगळ्यांना."

"न्हाय. आत्ता दावली तर म्हणंल, घरी बसून काय बी केलंस. तिच्या दारात झालं पायजे. तिच्या सोताच्या."

फळी तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून कॉटखाली सरकवली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसात हवा ओली असते, पॉलिश पांढरं पडतं, म्हणून तसंही काम नसतं. त्या चार महिन्यांत ती घरात बसून तो रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायची. तिसऱ्या बाईकडून तिनं तो आपल्या फोनवर मागून घेतला होता. भाकरी थापताना ऐकायची, धुणं वाळत घालताना ऐकायची. तेजस्वीनं, तिच्या लेकीनं, गारगोटीहून सुट्टीला आल्यावर तो पुसून टाक म्हणून सांगितलं. तिनं पुसला नाही.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि वखारीतल्या एका सुताराच्या ओळखीनं निरोप आला. नागाळा पार्कात एका आजीबाईंचं शिसवी मेज आहे, हाताचं पॉलिश करणारंच माणूस पाहिजे म्हणतात.

वर्षाराणी गेली. दार उघडलं त्या त्रिशलाबाई, पंचाहत्तरीच्या, पांढरं पातळ, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मेज त्यांच्या माहेरचं, हातकणंगल्याहून लग्नात आलेलं. रोज सकाळी त्याच्यापुढं बसून त्या जैन शास्त्र वाचायच्या. पन्नास वर्षांत कोपरांनी दोन जागी पॉलिश उडालं होतं, बाकी लाकूड काळंभोर आणि घट्ट. असं शिसव वर्षाराणीनं वडिलांच्या वेळेला बघितलं होतं. हात ठेवून ती ते बघत होती आणि सहज भिंतीकडे नजर गेली. लग्नाच्या फोटोत त्रिशलाबाईंच्या मुलाशेजारी, जिनेंद्रशेजारी, ऐश्वर्या उभी होती.

तिनं हॉलभर नजर फिरवली. टीव्हीखाली बाटली, चपलांच्या कपाटावर बाटली, जिन्याच्या कोनाड्यात बाटली. सगळ्या मिळून सात.

"सून पुण्याला गेलीया, कसलं तर प्रदर्शन हाय," त्रिशलाबाई म्हणाल्या. "दहा दिवसांत करशील?"

"करतो की, आक्का."

नऊ दिवस तिनं ते मेज केलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं हे तिला स्वतःला कळत होतं. जुनं पॉलिश उतरवलं, उडालेल्या जागा भरल्या, एकेक हात मारून वाळू दिला. चाळिसाव्या हाताला मेजात खिडकी दिसायला लागली. त्रिशलाबाई शेजारी बसून मोठ्यानं वाचायच्या, मध्येच थांबून तिला अर्थ सांगायच्या. चार वाजता आपल्या कपाच्या जोडीतला दुसरा कप काढून चहा द्यायच्या, आणि दिवस मावळायच्या आत जेवून जा म्हणून आग्रह करायच्या. एकदा त्यांनी तिची बोटं हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, अशी बोटं माझ्या बाची होती, तंबाखूच्या वखारीत.

नवव्या दिवशी दुपारी ऐश्वर्या आली. बॅग ओढत आत आली, वर्षाराणीला बघून जरा थबकली, आणि सासू समोर असल्यामुळं गोडच बोलली. मेजाभोवती फिरली. खरंच सुंदर झालंय म्हणाली. मग पिशवीतून चंदनाची नवी बाटली काढली, काड्या घातल्या आणि मेजाच्या डाव्या बाजूला, पुस्तकाच्या जागेला लागून ठेवली. "आई, वाचताना प्रसन्न वाटेल."

नवं पॉलिश महिनाभर कोवळं असतं. त्याच्यावर काही ठेवू नका, आणि बाटली ठेवायचीच तर खाली ताटली घ्या, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्षाराणी एप्रिलपासून न चुकता सांगत होती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. त्रिशलाबाई तिच्याकडेच बघत होत्या, आणखी काही सांगायचंय का अशा नजरेनं. वर्षाराणीनं बोळे डब्यात भरले, डब्याचं झाकण लावलं आणि येतो म्हणून निघाली.

त्यानंतरचे दिवस तिला फार गोड गेले. आज ओघळ उतरला असंल, आज मऊ पडलं असंल, असं ती ज्ञानूला जेवताना सांगायची. ज्ञानू एकदाच म्हणाला, "मेज म्हातारीचं हाय गं." तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

तेविसाव्या दिवशी जिनेंद्रचा फोन आला. वर्षाराणीनं लुगड्यातली फळी काढली, पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

मेजाजवळ घरातली तिघंही उभी होती. बाटलीभोवतीचं पॉलिश वितळून डिंकासारखं झालं होतं, आणि त्यात त्रिशलाबाईंचं शास्त्राचं पुस्तक चिकटलं होतं. सकाळी त्यांनी ते उचलायला घेतलं तर पुठ्ठ्याचा निम्मा कागद मेजालाच राहिला होता, अक्षरांसकट. ऐश्वर्याचं बोलणं चालूच होतं, की ह्या बाईचं काम असंच असतं, मी आधीच ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं होतं.

वर्षाराणीनं तिला बोलू दिलं. पुरतं संपू दिलं. मग फळी काढून फरशीवर ठेवली, वर्तुळ वर करून.

"हे तुमच्याच बाटलीचं वर्तुळ, मॅडम. डॉक्टरीणबाईंच्या घरी सांगितलं तवा हसला हुतासा. ह्या फळीवर फक्त तेवढीच ठिवली हुती. आता घरातल्या बाकीच्या उचलून बघा."

जिनेंद्रनं टीव्हीखालची बाटली उचलली. खाली वर्तुळ. चपलांच्या कपाटावरची उचलली, तिथला रंग फुगून वर आला होता. जिन्यातली उचलायला तो गेला तेव्हा ऐश्वर्या नको म्हणाली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. वर्षाराणीनं तो चेहरा नीट, सावकाश बघून घेतला. सहा महिने ती ह्यासाठीच जगली होती, आणि बघताना तिला जे वाटलं त्यात कसलीच कमी नव्हती.

त्रिशलाबाई खाली बसल्या. त्यांनी फळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, उलटी केली. मागची पेन्सिलीची तारीख त्यांनी वाचली.

"ही एप्रिलची हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी फळी मांडीवर ठेवली.

"म्हंजे मेज करतानाच तुला ठावं हुतं."

"व्हय, आक्का."

"हिला तू एकदा सांगितलंस, हिनं ऐकलं न्हाय. मला कवा सांगितलंस?"

वर्षाराणीकडे ऐश्वर्यासाठी सहा महिन्यांची उत्तरं तयार होती. ह्या प्रश्नाला ती रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली.

त्रिशलाबाई आवाज न चढवता सुनेकडे वळल्या. ज्या ग्रुपवर बोललीस त्याच ग्रुपवर आत्ता, सगळ्यांसमोर, आपल्या तोंडानं सांग म्हणाल्या. ऐश्वर्यानं नवऱ्याकडे बघितलं. जिनेंद्र खिडकीबाहेर बघायला लागला. तिनं फोन तोंडाशी धरला आणि सांगितलं, की दोष पॉलिशचा नव्हता, माझ्या बाटल्यांचा होता, वर्षाराणी सुतार यांची मी माफी मागते. दोनदा आवाज फुटला म्हणून तिसऱ्यांदा सांगायला लागलं.

"आता तू," त्रिशलाबाई वर्षाराणीला म्हणाल्या. "उद्यापास्नं ये. हे समदं उतरव आणि परत कर."

ती गेली. स्पिरिटनं ते वितळलेलं पुसलं, चिकटलेला कागद टाचणीनं एकेक कण काढला. तेल शिसवाच्या रेषांत खोल गेलं होतं, तिथं एक मंद काळी छाया राहिली. ती कशानंच निघेना. बारा दिवस काम चाललं. त्रिशलाबाई त्याच खुर्चीवर बसायच्या, मनात वाचायच्या. चार वाजता उठून आत जायच्या, आपला चहा पिऊन बाहेर यायच्या. बारा दिवसांत त्यांनी तिला एकदाही चहा विचारला नाही, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यापैकी कुणाजवळ तिच्याविषयी वाईटही बोलल्या नाहीत. वर्षाराणीला वाटायचं, ह्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं. शिव्यांना तिला उलटून बोलता आलं असतं.

शेवटच्या दिवशी तिनं डबा भरला आणि उभं राहून सांगितलं, "आक्का, महिनाभर ह्याच्यावर काय ठिवू नगासा. बाटली ठिवायचीच झाली तर खाली ताटली घ्या."

"हं," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

काम परत आलं, आधीपेक्षा जास्त आलं. पेठेत बायका तिला थांबवून विचारायच्या, कशी जिरवली ते सांग. ती सांगायची, रंगवून सांगायची, फळी पुढं टाकण्यापर्यंत. तारीख वाचण्याचा भाग कुणाला सांगितला नाही. डॉक्टरीणबाईंनी साइडबोर्ड पुन्हा करून घेतलं आणि स्वतः दारापर्यंत सोडायला आल्या.

डिसेंबरात ऐश्वर्याचा फोन आला. एका मोठ्या घरातलं सगळं जुनं फर्निचर होतं, चार महिन्यांचं काम. मावशी, झालं गेलं विसरून जाऊ म्हणाली. वर्षाराणीनं सगळं ऐकून घेतलं, पत्ता विचारला, लाकूड कुठलं ते विचारलं, मोजमापं विचारली. ऐश्वर्या खुशीत येऊन सांगत राहिली. सगळं सांगून झाल्यावर वर्षाराणी म्हणाली, "मशीनवाल्याकडनं करून घ्या, मॅडम," आणि फोन ठेवला.

ज्ञानू दारात चपला काढत होता. त्यानं विचारलं, अजून राग हाय व्हय तिच्यावर?

"हाय की. तो कुठं जातोय," ती म्हणाली. मग बोळ्याची मलमल बदलता बदलता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आक्कांची तब्येत बरी न्हाय म्हणं. वखारीतला तो सुतार सांगत हुता का काय?"

ज्ञानूनं होय म्हणून मान हलवली. जाऊन ये की एकदा, असं तो म्हणाला.

"बलावलं न्हाय त्यांनी," वर्षाराणी म्हणाली आणि स्पिरिटची बाटली उघडली.